डमडम आणि मोटरचा जादा दाब

थांबलेल्या विद्युत मोटरला पुरवठ्याचा सगळा दाब एकदम दिला, तर तिला सोसवेल त्याच्या कितीतरी पट प्रवाह तिच्यात शिरतो. मोटर फिरू लागली की ती स्वतःच पुरवठ्याच्या विरुद्ध दाब निर्माण करते आणि प्रवाह आपोआप उतरतो. तोवर मात्र मोटर आणि पुरवठा यांच्यामध्ये काहीतरी उभे करावे लागते. जादा दाबाचे काय करायचे, हा त्या मधल्या सामग्रीपुढचा मुख्य प्रश्न. तो दाब उष्णता करून घालवता येतो, किंवा पुरवठाच क्षणाक्षणाला तोडून मोटरला हवा तेवढा देता येतो. सीएनसी यंत्रासाठी पाच-सात अँपिअरच्या स्टेपर मोटरचा ड्रायव्हर, म्हणजे हीच मधली सामग्री, निवडणारा माणूस आज या दोहोंतूनच निवड करत असतो. उत्तर कोलकात्याला लागून असलेल्या डमडमच्या परिसरात हा प्रश्न शंभर वर्षे या ना त्या रूपात सोडवला गेला, आणि त्यातला बराच काळ उत्तर उष्णता हेच होते.

डमडमचे नाव जगभर गेले ते तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे बनलेल्या, अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीला गावाचेच नाव चिकटले. भारतातल्या घराघरांत पोहोचलेली डमडमची वस्तू मात्र वेगळी. ग्रामोफोन कंपनीने 1908 मध्ये सियालदहच्या बाजूला तबकड्यांचा कारखाना काढला आणि 1928 मध्ये तो डमडमला, जेसोर रोडवर नेला. कंपनीच्या एचएमव्ही छापाच्या तबकड्यांवरची मराठी नाट्यपदे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत वाजत, तेव्हा ती लाखेची तबकडी बंगालमध्ये दाबून तयार झालेली असे.

तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांनी फिरली नाही तर सूर चढतो किंवा उतरतो. चावी दिलेली स्प्रिंग सुरुवातीला जोरात ओढते आणि सुटत आली की मंदावते, म्हणून ग्रामोफोनच्या पेटीत गव्हर्नर असे. पातळ पोलादी पट्ट्यांवर बसवलेली वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात, त्यांच्याबरोबर एक चकती सरके आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासे. स्प्रिंगचा जादा जोर या घर्षणात जिरून जाई. स्प्रिंग मुद्दाम गरजेहून ताकदवान घ्यायची आणि उरलेली ताकद घासून टाकायची, असा हा व्यवहार. मेणाच्या मूळ तबकडीवर ध्वनिमुद्रण करताना तर स्प्रिंगवरही भरवसा ठेवत नसत. तिथे हळूहळू खाली उतरणारे जड वजन यंत्र फिरवी, कारण वजनाची ओढ आरंभी आणि अखेरीस सारखीच राहते. गव्हर्नर मात्र तिथेही सुटला नाही.

ग्रामोफोनच्या पेटीत जिरवायची ताकद क्षुल्लक होती. रस्त्यावर तसे नव्हते. कोलकात्यात विजेची ट्राम 27 मार्च 1902 रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर या मार्गावर सुरू झाली, आणि पुढे तिचे रूळ डमडमच्या उंबरठ्यावर, बेलगाछियापर्यंत आले. वरच्या तारेत 550 व्होल्टचा एकदिश दाब. चालकापुढे उभा कंट्रोलर आणि त्यावर एक मूठ. मूठ एकेक खाच पुढे सरकवली की आतल्या दंडगोलावरच्या तांब्याच्या पट्ट्या मोटरच्या वाटेतले रोध टप्प्याटप्प्याने बाजूला काढत. मूठ घाईने फिरवली तर प्रवाह उसळे, गाडी हिसका देई. फारच सावकाश फिरवली तर रोध तापत. प्रवाह किती जाऊ द्यायचा हे चालकाच्या मनगटावर अवलंबून होते.

या पद्धतीचा भुर्दंड हिशेबाने सांगता येतो. प्रवाह स्थिर ठेवून नुसत्या रोधांच्या जोरावर मोटर सुरू केली, तर सुरुवातीच्या काळात घेतलेल्या ऊर्जेतली अर्धी रोधांतच जळते. दोन मोटरी आधी एकसर जोडून आणि गाडीने अर्धा वेग गाठल्यावर समांतर करून हे नुकसान एक-तृतीयांशावर आणता येते. ट्रामच्या कंट्रोलरमध्ये ही युक्ती होतीच. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, तीही 1,500 व्होल्टच्या एकदिश दाबावर आणि याच तत्त्वाने. त्यानंतर कितीतरी दशके मुंबईची लोकल याच एक-तृतीयांशाच्या नुकसानीसह चालत राहिली.

या इतिहासात डमडम आणि मुंबई यांना जोडणारा दुवा म्हणजे जेसॉप. 1788 मध्ये मुळे असलेली ही कंपनी डमडमच्या कारखान्यात क्रेन, रोडरोलर आणि रेल्वेचे डबे बनवी. सरकारने 1958 मध्ये तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, 1973 मध्ये मालकीही घेतली आणि 2003 मध्ये ती खाजगी हातांत दिली. तिथे बांधलेले लोकलचे डबे कोलकात्याच्या उपनगरी मार्गांवर धावले, तसेच मुंबईतही. जेसॉपचे काम सांगाड्याचे. मोटरी आणि त्यांची नियंत्रणे दुसऱ्या कारखान्यांतून येत. तरी डब्याच्या पोटाखाली रोधांच्या जाळीदार पेट्यांना वारा लागेल अशी जागा ठेवणे हा सांगाड्याच्या आराखड्याचाच भाग होता, कारण डबा बांधणाऱ्याला त्या उष्णतेची सोय आधीच करून ठेवावी लागे.

ट्रामच्या मानाने लोकलमध्ये एक महत्त्वाची सुधारणा होती. इथे मोटरमन खाचा मोजत बसत नसे. तो मूठ एका जागी ठेवी आणि कॅमशाफ्ट नावाचा दांडा आपोआप एकेक नॉच, म्हणजे खाच, फिरत रोध काढत जाई. दांडा पुढे कधी सरकायचा हे प्रवाहावर नजर ठेवणारा रिले ठरवी: प्रवाह ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर थांब, खाली उतरला की पुढचा नॉच. मनगटाचे काम यंत्राकडे गेले. स्टेपर मोटरच्या आजच्या ड्रायव्हरमध्ये एका बारीक रोधावरचा दाब मोजून चिपमधला कंपॅरेटर जो निर्णय करतो, तो याच रिलेचा निर्णय आहे. फरक एवढाच की रिले एका सुरुवातीत काही मोजके निर्णय घेई आणि चिप सेकंदाला वीस हजारांच्या वर घेते.

कोलकाता मेट्रोने हीच पद्धत जमिनीखाली नेली, आणि तिथे तिची खरी किंमत दिसली. इंदिरा गांधींच्या हस्ते 29 डिसेंबर 1972 रोजी पायाभरणी झालेल्या या मार्गाचा पहिला टप्पा, एस्प्लनेड ते भवानीपूर, 24 ऑक्टोबर 1984 रोजी सुरू झाला. दुसरा टप्पा त्याला न जोडलेला, शहराच्या उत्तर टोकाला: डमडम ते बेलगाछिया, दोन किलोमीटरहून थोडासाच मोठा, 12 नोव्हेंबर 1984 पासून. मधला भाग खणून व्हायचा असल्याने हा तुकडा एकटाच चालत राहिला. दोन स्थानकांच्या त्या मेट्रोला प्रवासी मिळेनात, म्हणून 1992 मध्ये ती बंद करावी लागली. 1994 मध्ये श्यामबाजारपर्यंत रूळ जोडून पुन्हा सुरू झाली. डमडमहून टॉलीगंजपर्यंत अखंड गाडी धावली ती 27 सप्टेंबर 1995 रोजी. डमडमचे स्थानक जमिनीच्या वर आणि बेलगाछियाचे खाली, त्यामुळे हा छोटा तुकडा चढ-उताराचाही आहे. उत्तरेकडे येणाऱ्या गाडीच्या मोटरींना इथे बोगद्यातून वर यावे लागते.

गाड्यांचे डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे आणि विद्युत सामग्री बंगळूरच्या एनजीईएफची. बाजूच्या तिसऱ्या रुळातून 750 व्होल्टचा एकदिश पुरवठा, आणि मोटरी सुरू करायला कॅमशाफ्ट व रोध. उघड्यावर धावणाऱ्या लोकलची उष्णता वारा घेऊन जातो. बोगद्यातली तिथेच राहते. अंदाज येण्यासाठी एक ठोकळ हिशेब पुरेसा आहे. समजा 300 टनांची गाडी ताशी 54 किलोमीटर वेगाने जाते आहे. तिच्या गतीत साठलेली ऊर्जा सुमारे 34 मेगाज्यूल, घरगुती मीटरच्या भाषेत नऊ-साडेनऊ युनिट. पुढच्या स्थानकावर थांबताना ती सगळी उष्णता होते, आणि निघताना रोधांत जळलेली वेगळीच. हे दर एक-दीड किलोमीटरला, दोन्ही दिशांनी, दिवसभर. कोलकात्याच्या दमट हवेत म्हणूनच बोगद्यांत धुऊन थंड केलेली हवा यंत्रांनी सोडण्याची मोठी व्यवस्था करावी लागली. आधी वीज जाळून उष्णता करायची आणि मग आणखी वीज जाळून ती बाहेर काढायची, असा तो दुहेरी खर्च होता.

टोकियोने हा खर्च आधीच ओळखला होता. तिथल्या भुयारी रेल्वेच्या चियोदा मार्गावर 1971 मध्ये आलेल्या 6000 मालिकेच्या गाड्यांत रोधांऐवजी थायरिस्टर या अर्धवाहक स्विचचे, पुरवठा क्षणाक्षणाला तोडणारे चॉपर होते, आणि वीज वाचवण्याइतकाच बोगद्यातली उष्णता कमी करणे हाही त्यामागचा हेतू होता. मग तेरा वर्षांनी सुरू झालेल्या कोलकात्याने कॅमशाफ्ट का घेतला, असे विचारता येते. घासलेला तांब्याचा संपर्क डेपोतला फिटर पान्याने बदलू शकतो आणि त्याचे सुटे भाग देशात बनत होते. थायरिस्टरच्या चॉपरमध्ये बिघाड झाला तर तो शोधायलाच निराळी विद्या लागते. त्या काळच्या आयात-निर्बंधांत जुने तंत्र निवडणे शहाणपणाचे होते, असेच म्हणावे लागेल. त्या गाड्यांनी 37 वर्षे काढली. शेवटच्या बिनवातानुकूलित गाड्यांना 24 ऑक्टोबर 2021 रोजी निरोप देण्यात आला.

स्टेपर मोटरचा इतिहास या सगळ्याला समांतर चालला. ठरावीक कोनाने एकेक पायरी फिरणाऱ्या मोटरी दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश आरमारात दिशादर्शक यंत्रणांमध्ये वापरल्या जात. पुढे संख्यांनी चालणाऱ्या यंत्रहत्यारांबरोबर, म्हणजे एनसी आणि नंतर सीएनसीबरोबर, त्या कारखान्यांत आल्या. आज सर्रास मिळणारी हायब्रिड मोटर एका फेरीत 200 पायऱ्या घेते, दर पायरी 1.8 अंशांची. तिच्या गुंडाळ्यांत प्रवाह आळीपाळीने आणि उलटसुलट सोडावा लागतो, आणि नेमकी इथे अडचण येते.

मोठी मोटर घेऊ: दर गुंडाळीला 5 अँपिअर, रोध अर्धा ओहम, इंडक्टन्स 4 मिलिहेन्री. गुंडाळीतून 5 अँपिअर वाहते ठेवायला अडीच व्होल्ट पुरतात. पण इंडक्टन्समुळे प्रवाह एकदम चढत नाही. अडीच व्होल्टवर त्याला पूर्ण मूल्याच्या 63 टक्क्यांपर्यंत पोहोचायलाच 8 मिलिसेकंद लागतात. मोटर सेकंदाला हजार पायऱ्यांनी फिरवायची तर एका पायरीला मिळतो 1 मिलिसेकंद, आणि तेवढ्यात प्रवाह जेमतेम 12 टक्के चढतो. मोटर गुरगुरते आणि थांबते. उपाय एकच: पुरवठ्याचा दाब गरजेच्या कितीतरी पट ठेवायचा, म्हणजे प्रवाह झपाट्याने चढेल. मग तो मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून जादा दाबाची व्यवस्था आली, म्हणजे पुन्हा ट्रामचाच प्रश्न.

सुरुवातीचे उत्तरही ट्रामचेच. पुरवठा 50 व्होल्टचा घ्यायचा आणि गुंडाळीला साडेनऊ ओहमचा रोध एकसर जोडायचा. प्रवाह आता 0.4 मिलिसेकंदाच्या मानाने चढतो आणि 5 अँपिअरवर थांबतो, काम होते. पण त्या रोधात 237 वॅट जळतात आणि गुंडाळीत साडेबारा. दोन गुंडाळ्यांचे मिळून पावणेपाचशे वॅट, तेही मोटर नुसती जागेवर उभी असताना. एक-दोन अँपिअरच्या मोटरीला ही पद्धत चालून गेली. जास्त प्रवाहाच्या मोटरीला ती परवडत नाही, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर तोच रोध चौपट तापतो.

चॉपर ड्रायव्हर रोध काढून टाकतो. 50 व्होल्ट थेट गुंडाळीवर येतात, प्रवाह सुमारे 0.4 मिलिसेकंदात 5 अँपिअरला पोहोचतो, कंपॅरेटर ते पाहून पुरवठा तोडतो. प्रवाह डायोडमधून किंवा दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून गुंडाळीतच फिरत राहतो, थोडा उतरतो, आणि पुरवठा पुन्हा जोडला जातो. मोटर उभी असताना पुरवठा एकूण वेळेच्या पाच टक्क्यांच्या आसपासच जोडलेला असतो. गुंडाळीत 5 अँपिअर वाहत असले तरी पुरवठ्यातून सरासरी पाव अँपिअरच खेचला जातो. जादा दाब चढतानाच्या घाईपुरता वापरला जातो आणि बाकीचा वेळ तो लागतच नाही.

जनरल इलेक्ट्रिकने 1957 मध्ये आणलेल्या थायरिस्टरने मोठ्या मोटरींसाठी हा मार्ग उघडला. छोट्या मोटरींसाठी तो चिपमध्ये आला. इटलीच्या एसजीएस कंपनीची एल297 आणि एल298 ही जोडगोळी 1980च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली: पहिली पायऱ्यांचा क्रम आणि प्रवाहाची मर्यादा पाहते, दुसरी ताकद सांभाळते. कोलकात्याच्या चांदनी बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत एल298 चे लाल बोर्ड आजही मिळतात. पण ही चिप 46 व्होल्ट आणि दर गुंडाळीला 2 अँपिअर एवढीच, आणि तिच्या आतल्या जुन्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरांत दोन-तीन व्होल्ट वाया जातात. मोठ्या मोटरीला ती लावणे म्हणजे मागच्या दाराने रोध परत आणणेच. नंतरच्या टीबी6600 सारख्या चिपा 42 व्होल्ट आणि साडेचार अँपिअरपर्यंत नेतात. त्यापलीकडे चिपबाहेरच्या वेगळ्या मॉसफेट ट्रान्झिस्टरांचे ड्रायव्हर लागतात.

निवड करताना मोटरीवर छापलेल्या व्होल्टकडे दुर्लक्ष करावे; तो आकडा रोध आणि प्रवाह यांचा गुणाकार असतो, पुरवठ्याशी त्याचा संबंध नाही. पाहायचे ते प्रवाह आणि इंडक्टन्स. कारागिरांत रूढ असलेला एक ठोकताळा असा की मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचे वर्गमूळ काढून 32 ने गुणावे. येईल तो पुरवठ्याच्या दाबाचा कमाल आकडा. वरच्या 4 मिलिहेन्रीच्या मोटरीला तो 64 व्होल्ट येतो. त्याहून जास्त दाबाने वेग थोडा वाढेल, पण मोटरीचा लोखंडी गाभा तापेल. ड्रायव्हरची कमाल मर्यादा पुरवठ्याहून चांगली वर हवी, कारण वेग उतरताना दाब चढतो. पॉवर सप्लाय मोटरीच्या पूर्ण प्रवाहाइतका मोठा लागत नाही, दोन-तृतीयांश पुरतो. बोर्डावर ठळक छापलेला अँपिअरचा आकडा बहुधा क्षणिक शिखराचा असतो, सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा नव्हे, हेही स्वस्तातला ड्रायव्हर घेताना लक्षात ठेवायला हवे.

स्वतः ड्रायव्हर बांधणाऱ्याची खरी कसोटी मॉसफेट निवडण्यात नसते. दर गुंडाळीला चार मॉसफेटांचा पूल लागतो, आणि एकाच बाजूचे दोन्ही मॉसफेट क्षणभरही एकत्र चालू झाले तर पुरवठा सरळ जमिनीला जोडला जातो. म्हणून एक बंद होणे आणि दुसरा चालू होणे यांच्यामध्ये मुद्दाम रिकामा वेळ ठेवावा लागतो. प्रवाह मोजणारा रोध कमी इंडक्टन्सचा हवा, नाहीतर प्रत्येक तोड-जोडीला त्यावर खोटे शिखर उठते आणि कंपॅरेटर फसतो. कपॅसिटर मॉसफेटांना चिकटून हवेत, लांब तारांच्या टोकाला नव्हे. पुरवठा चालू असताना मोटरीची तार काढू नये: गुंडाळीत साठलेली ऊर्जा त्या उघड्या टोकावर दाब चढवते आणि ड्रायव्हर तिथेच जातो. हौशी यंत्रांवर मेलेल्या ड्रायव्हरांत या शेवटच्या कारणाचा वाटा मोठा असतो.

वेग उतरताना फिरता भार मोटरीला जनरेटर बनवतो, आणि चॉपरचा पूल ती ऊर्जा पुरवठ्याकडे परत ढकलतो. रेल्वेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. मुंबईहून बोरघाट आणि थळघाट चढणाऱ्या डब्ल्यूसीजी-1 इंजिनांत 1920च्या दशकाच्या अखेरीसच उताराची ऊर्जा तारेत परत देण्याची सोय होती. डमडमहून आता धावणाऱ्या नव्या गाड्यांत, मेधा कंपनीच्या सामग्रीच्या आणि 2023 पासून प्रवासी वाहतुकीत आलेल्या चीनच्या डालियन कारखान्याच्या, तीन-फेजी मोटरी आणि सेकंदाला शेकडो वेळा दाब तोडणारे इन्व्हर्टर आहेत. ब्रेक लावताना त्या तिसऱ्या रुळात वीज परत देतात, पण ती घ्यायला त्याच वेळी त्याच भागात दुसरी निघणारी गाडी असावी लागते. नसेल तर रुळाचा दाब चढतो आणि ब्रेकचे काम पुन्हा घर्षणाकडे किंवा रोधांकडे जाते. स्टेपर ड्रायव्हरच्या डीसी पुरवठ्याला तर परत घेणारा कोणीच नसतो; परतलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये साचते. म्हणून जड मोटरींच्या यंत्रात कपॅसिटर ऐसपैस ठेवतात, आणि भार फारच मोठा असेल तर पुरवठ्याला समांतर एक रोध व त्याला जोडणारा मॉसफेट बसवतात. 50 व्होल्टचा पुरवठा 58-60 व्होल्टला चढला की हा मॉसफेट चालू होतो आणि दाब उतरला की बंद होतो.